वेदनेचा अभाव

आमच्या घरात कुणाच्याच चेहऱ्यावर काही नाही. फोटोत नाही, असं म्हणायचंय मला. प्रत्यक्षात आईच्या कपाळावर लहानपणी पडल्याची खोक आहे, बाबांच्या हनुवटीवर मसुराएवढा तीळ आहे, तो वारसाहक्कानं माझ्याही हनुवटीवर आलाय, आणि वर माझ्या डाव्या गालावर लासं आहे. लासं म्हणजे जन्मखूण. जन्मखूण म्हटली की लोक नाण्याएवढा ठिपका डोळ्यांपुढे आणतात, म्हणून आधीच सांगते. माझं लासं कानाच्या पाळीपासून निघतं, अख्खा गाल खातं आणि ओठांच्या कोपऱ्याशी येऊन थांबतं. रंग गडद जांभळा. मी चिडले की तो आणखी गडद होतो, आणि मी बऱ्याचदा चिडते.

बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्याआड एक स्टूल, छत्र्या लावलेले दिवे आणि केस विंचरायला आरसा. आई काउंटरवर बसून फोटो कापते. तिची कात्री कधी वाकडी जात नाही, जिभेचं मात्र काही सांगता येत नाही. बाबांचं खरं काम फोटो काढून झाल्यावर सुरू होतं. फिल्म होती तेव्हा ते निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून लोकांची मुरमं, वांग, सुरकुत्या घालवायचे. आता तेच कॉम्प्युटरवर करतात. गिऱ्हाईक स्टुलावरून उठलं की त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "साफ करू ना?" आजवर कुणी नको म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मला मात्र त्यांनी कधी विचारलं नाही. काउंटरच्या मागे फळीवर माझे फोटो आहेत. पाळण्यातली मी, गणवेशातली मी, सायकलवर तोल सांभाळणारी मी, आणि सगळीकडे माझे दोन्ही गाल सारखे. पाहुणे आधी फोटोकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग पुन्हा फोटोकडे. एका बाईंनी तर सरळ विचारलं, "ही कोण?" आई म्हणाली, "तीच. फोटोत जरा तोंड धुऊन बसलीय." मी बाबांना विचारलं होतं, माझा गाल का बदलता म्हणून. ते म्हणाले, "बाळा, लोकांनी आधी तुला बघावं, मग ते." मला पटलंही. लहानपणी प्रेमानं सांगितलेलं काहीही पटतं.

पटेनासं झालं ते कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं माझं प्रवेशपत्र हातात घेतलं, फोटो बघितला, मला बघितलं आणि पत्र परत दिलं.

"बहिणीच्या जागी परीक्षेला बसता येत नाही," तो म्हणाला.

"मला बहीण नाही."

"मग ही कोण?"

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी हसलं. मी प्रवेशपत्राला, त्या गुळगुळीत गालाला, बाबांना, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या, दप्तरातून जांभळं स्केचपेन काढलं, पत्र पहारेकऱ्याच्याच टेबलावर ठेवलं आणि फोटोतल्या मुलीचा डावा गाल रंगवून टाकला. मग पत्र स्वतःच्या तोंडाशेजारी धरून उभी राहिले. "आता?"

पहारेकऱ्यानं आतून एका प्राध्यापकांना बोलावलं. त्यांनी पत्र बघितलं, मला बघितलं, पुन्हा पत्र बघितलं आणि म्हणाले, "सोडा हिला आत. ही आमच्याच विभागात येणार." तेच पुढे माझे विभागप्रमुख झाले. फाटकावर मी जे केलं त्याला आमच्या विषयात सादरीकरण म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं होतं की मी फक्त भांडले.

आमच्या विभागाचं नाव लांबलचक, प्रायोगिक माध्यमं, सादरीकरण आणि छायाचित्रण. चित्रकलेची मुलं आम्हाला 'उरलेसुरले' म्हणायची. सादरीकरण म्हणजे नाटक नव्हे. संवाद नसतात, पडदा नसतो, टाळ्या कधी वाजवायच्या ते कुणाला कळत नाही. तुम्ही लोकांसमोर जाऊन काहीतरी करता आणि ते करणं हीच कलाकृती. माझा वर्गमित्र बोका, ज्याला पाऊल न वाजवता चालण्यावरून हे नाव पडलं, एक अख्खी सकाळ पाठीवर बर्फाची लादी बांधून जिन्यात उभा राहिला. बर्फ वितळला, बोक्याला सणसणीत सर्दी झाली आणि गुण मिळाले भरघोस. मग त्यानं आपल्या शिंकाच रेकॉर्ड करून पुढच्या सत्रात वाजवल्या. आमच्यात काही वाया जात नाही.

विभागप्रमुखांना आम्ही पाठीमागे वेदना सर म्हणायचो. माणूस वाईट नव्हता. पोरांना स्वतःच्या खोलीत बसवून चहा पाजायचा, कुणाचा कॅमेरा बिघडला तर स्वतःचा द्यायचा. पण काहीही दाखवा, सर डोळे मिटणार, चष्म्याची काडी ओठाला लावणार आणि विचारणार, "यात वेदना कुठंय?" एका मुलीनं भाजीच्या पिशव्यांचे सुंदर फोटो काढले होते. तिलाही हेच विचारलं. ती बिचारी घरी जाऊन पिशव्या फाडत बसली.

माझ्याकडे बघून मात्र त्यांना हा प्रश्न कधी पडला नाही. उत्तर माझ्या तोंडावरच लिहिलेलं आहे अशी त्यांची समजूत होती. शेवटच्या वर्षाच्या कलाकृतीचा विषय ठरवायला मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांच्याकडे माझ्यासाठी सगळा बेत तयार होता.

"अंधारी खोली," सर म्हणाले. "एक दिवा. फुटका आरसा. तू आरशासमोर बसून गाल घासतेस. घासत राहतेस. मागे हुंदके."

"कुणाचे?"

"तुझे."

"पण सर, ते दुखत नाही."

"आत दुखत असेल."

"आतही नाही दुखत. लोक टक लावून बघतात त्याचा राग येतो. वेदना नाही होत."

"राग हा वेदनेचा मुखवटा असतो," सर डोळे मिटून म्हणाले. या माणसाला काही सांगायला जाणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माझा बेत अगदी साधा होता. माझा एकच फोटो, भिंतीएवढा. ओळखपत्राला काढतात तसा. पांढरी पार्श्वभूमी, दोन्ही कान दिसतायत, हसू नाही, रडू नाही, नजर समोर. आणि गालावर जे आहे ते, जसं आहे तसं. फोटोखाली स्टुलावर मी स्वतः त्याच पोझमध्ये बसणार. लोकांना हवा तितका वेळ बघू दे, मीही त्यांच्याकडे तितकाच वेळ बघणार. कलाकृतीचं नाव 'ओळख पटवा'.

सरांनी चष्म्याची काडी ओठाला लावली. मग म्हणाले, "हा नुसता मोठा पासपोर्ट फोटो आहे. यात प्रयोग काय? असलं केलंस तर मी पास करणार नाही. एक वर्ष पुन्हा बसावं लागेल, विचार कर."

"केलाय विचार," मी म्हणाले. "बाहेरून परीक्षक येतात ना? त्यांना ठरवू दे." मी उठले तेव्हा माझा गाल चांगलाच तापला होता.

पुन्हा एक वर्ष बसणं मला परवडणारं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण अंधारात बसून गाल घासायचा, हे त्याहून परवडणारं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा माझा चेहरा पूर्णच्या पूर्ण भिंतीवर लागणार होता. मला तेवढंच हवं होतं, आणि त्यासाठी मी वाट्टेल त्याच्याशी भांडायला तयार होते.

फोटो मी आमच्याच स्टुडिओत काढला. बाबांचं स्टूल, बाबांचे दिवे, कॅमेरा स्टँडवर लावून. एवढा मोठा फोटो कॉलेजात छापता येत नव्हता, पण बाबांनी नुकतंच कापडावर फलक छापायचं मशीन घेतलं होतं. मी पेनड्राइव्ह त्यांच्या हातात दिला.

"बाबा, यातला फोटो जसाच्या तसा छापायचा. काही करायचं नाही."

"हो गं."

"साफ करायचा नाही."

"एकदा सांगितलंस ना? कळलं."

आई कात्री थांबवून म्हणाली, "लिहून दे त्यांना. कपाळावर लिही." बाबा हसले. मीही हसले.

कॉलेजातल्या प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बाबांनी स्कूटरवरून गुंडाळी आणून फाटकाशी दिली आणि लगेच परत गेले. दुकान उघडायचं आहे म्हणाले. नेहमी दोन शब्द बोलल्याशिवाय न जाणारा माणूस आज इतक्या घाईत का, असं मला वाटायला हवं होतं. पण माझं डोकं खिळ्यांमध्ये आणि दोऱ्यांमध्ये होतं. बोका शिडीवर चढला, त्यानं वरची पट्टी भिंतीला ठोकली आणि गुंडाळी सोडली.

आधी केस उतरले. मग कपाळ, मग भुवया, मग डोळे. डोळे छान आले होते. मग नाक उतरलं आणि त्याच्याबरोबर दोन गाल. स्वच्छ, नितळ, सारखे.

बोका शिडीवर होता तिथेच थांबला. "ही कोण?" तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून त्यानं जीभ चावली.

मी फोन लावला.

"बाबा, माझा गाल कुठंय?"

पलीकडे कात्रीची कचकच ऐकू येत होती. ती थांबली.

"अगं, हात गेला," बाबा म्हणाले.

"हात गेला म्हणजे?"

"फाइल उघडली की हात जातोच. इतक्या वर्षांची सवय. म्हटलं जरा प्रकाश बघू, आणि तेवढ्यात..."

"तेवढ्यात नाही होत ते. अख्खा गाल आहे बाबा. वेळ लागतो त्याला."

फोटोत हा माणूस कितीही खोटं करेल, तोंडानं त्याला जमत नाही.

"मध्येच आठवलं होतं," ते हळूच म्हणाले. "थांबता आलं असतं. नाही थांबलो. एवढ्या मोठ्या भिंतीवर, एवढ्या लोकांसमोर... मला नाही बघवलं."

मागून आईचा आवाज आला, "भोगा आता! मी तरी किती सांगायचं?"

मी फोन बंद केला. 'नाही बघवलं' हे शब्द माझ्या जिव्हारी लागले. अनोळखी माणसांच्या नजरा मी जन्मभर झेलल्या होत्या, त्यांचं काही वाटत नव्हतं. पण माझ्या बापाला मी बघवत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. ते प्रेमानं करतात असंच मी धरून चालले होते, आणि ते प्रेमानंच करत होते, हेच तर वाईट होतं. पुन्हा छापायला वेळ नव्हता. परीक्षक बाई दुपारी येणार होत्या.

तेवढ्यात वेदना सर दालनात आले. त्यांनी भिंत बघितली, मला बघितलं आणि चष्मा काढला.

"हे कुणी केलं?"

"बाबांनी. चुकून."

सरांचे डोळे भरून आले. मी शपथेवर सांगते, खरंच भरून आले. "बापानं स्वतःच्या हातानं लेक पुसली," ते म्हणाले. "चूक? याला चूक म्हणतेस? अगं, हे मला सुचायला हवं होतं! दिवे बंद करा. फक्त फोटोवर उजेड. तू त्याच्या पायाशी बस, जमिनीवर, गाल हातानं झाकून. बोका, तुझ्याकडे हुंदक्यांचं रेकॉर्डिंग असेल ना?"

"शिंकांचं आहे सर."

"मग हीच रडेल. बघ, रडूच आलंय तिला. हे असंच ठेव, दुपारपर्यंत टिकव. तू पहिली येशील, मी सांगतो."

रडू आलं होतं हे खरं. अगदी डोळ्यांच्या काठाशी होतं. आणि ते बाहेर पडलं असतं तर मी सुटले असते. पास झाले असते, कौतुक झालं असतं, लोकांनी रुमाल काढले असते. घरी एकानं माझा गाल घालवला होता, इथे दुसरा त्याचं रडगाणं करायला बसला होता, आणि दोघांनाही माझं भलंच करायचं होतं. मी नाक ओढलं. रडू माझं होतं, विभागाचं नव्हतं.

"नाही बसणार," मी म्हणाले.

"काय?"

"जमिनीवर नाही बसणार, गाल नाही झाकणार, दिवे नाही घालवू देणार. आणि टिकवणार तर मुळीच नाही."

"तू स्वतःच्या वेदनेपासून पळतेयस!"

"सर, कॉलेजच्या माहितीपत्रकातला तुमचा फोटो आमच्याच दुकानात काढलाय. डोळ्यांखाली काळं होतं, ते बाबांनी साफ केलं. 'करू ना' म्हणून त्यांनी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही काय म्हणालात आठवतंय? 'अर्थात' म्हणालात. तुमची वेदना तुम्ही पुसून घेता आणि माझी भिंतीवर टांगता, हा कुठला न्याय?"

बोका शिडीवरून उतरत होता, तो पुन्हा दोन पायऱ्या वर गेला. सरांनी चष्मा घातला, काढला, परत घातला.

"मी सही करणार नाही," ते म्हणाले.

"नका करू," मी म्हणाले. ते गेल्यावर मी स्टुलावर बसले. बसल्या जागी पुन्हा फोन लावला.

"बाबा, दुकानाला कुलूप लावा आणि इकडे या. तुम्ही फोटोमागचे पडदे रंगवायचात ना, ते ब्रश आणा. रंगही आणा. जांभळा जास्त आणा."

"अगं, गिऱ्हाईक बसलंय."

"त्याला साफ करा आणि या. तुम्ही घालवलंत, तुम्हीच आणून द्यायचं."

बाबा आले ते आईला घेऊनच. दुकानातलाच सदरा, हातात रंगांचा डबा, काखेत रुंद ब्रश. भिंतीकडे त्यांनी ओझरतं बघितलं आणि माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "लोक यायच्या आत पटकन करून टाकतो. कुणाला कळणार नाही."

"लोक आल्यावर करायचं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

ते आईकडे वळले. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी कात्री चालवते, ब्रश नाही."

दुपारी दालन भरलं. परीक्षक बाई आल्या, ठेंगण्या, करड्या केसांच्या, पायांत धावायचे बूट. वेदना सर त्यांच्याशेजारी हाताची घडी घालून उभे राहिले. मी सगळे दिवे लावायला सांगितले. फोटोखाली स्टुलावर बसले. पाठ ताठ, दोन्ही कान दिसतायत, नजर समोर. लोक वरच्या चेहऱ्याकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग पुन्हा वर. हा खेळ मला पाठ होता. फरक इतकाच की आज मीही डोळे खाली घालत नव्हते, त्यामुळे त्यांनाच घालावे लागत होते.

बाबा शिडीवर चढले. मला ते दिसत नव्हते, फक्त शिडीची करकर आणि ब्रशचा ओला आवाज येत होता. थोड्या वेळानं लोकांत 'वा' अशी कुजबुज झाली. एक मुलगी म्हणाली, "किती सुंदर!" मला संशय आला. मी पोझ मोडली, उठले आणि मागे वळून बघितलं.

बाबांनी माझ्या गालावर एक पान काढलं होतं. म्हणजे त्यांना पान काढायचं नव्हतं, लासंच रंगवायचं होतं. पण हात तोच. कडा गोलाकार, रंग एकसारखा आणि आकार आटोपशीर. गालाच्या मधोमध, नजर लागू नये म्हणून मुद्दाम लावावं तसं. या माणसानं माझं लासंसुद्धा साफ करून दिलं होतं.

"बाबा, हे माझं नाही."

"का? जांभळंच तर आहे."

"माझ्या जन्मखुणेच्या कडा फाटक्या आहेत. ते कानापासून सुरू होतं. मध्ये फिकं आहे, खाली गडद आहे. आणि एवढंसं नाही."

"मला आठवलं तसं केलं," बाबा म्हणाले. ते खरंच गोंधळले होते.

"आठवू नका. खाली या आणि बघा."

बाबा शिडीवरून उतरले. मी परत स्टुलावर बसले. त्यांनी खिशातून चष्मा काढून घातला, गिऱ्हाइकाची धरतात तशी माझी हनुवटी बोटांत धरली आणि दिव्याकडे वळवली. त्यांच्या हाताला रंगाचा आणि दुकानातल्या जुन्या पडद्यांचा वास येत होता. माझ्याशी बोलताना बाबांची नजर नेहमी गालावरून घसरून डोळ्यांवर यायची, हे मला तेव्हा जाणवलं. कारण पहिल्यांदाच ती घसरली नाही. कानापासून निघाली आणि कडेकडेनं, न चुकवता, ओठांपर्यंत आली.

"हे इथं खाली उतरलंय की," ते हळू म्हणाले. "लहानपणी एवढं खाली नव्हतं."

"तुमच्याबरोबर मीही मोठी झाले ना बाबा."

"मला दिसलं नाही."

"तुम्ही बघितलं नाहीत."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की काय म्हणून, कळलं नाही. हनुवटी सोडली नाही. आणखी थोडा वेळ बघत राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते येऊ दिलं, कारण आता ते कुणी मागितलं नव्हतं. मग बाबांनी सर्वांत रुंद ब्रश उचलला, डब्यात बुडवला आणि वर चढले. या वेळी ब्रशचा आवाज वेगळा होता. लांब, ओढलेला. मध्ये ते दर थोड्या वेळानं "इकडे बघ" म्हणायचे, मी मान वळवायची, ते डोळे बारीक करून बघायचे आणि पुन्हा सुरू. वरून रंगाचे दोन थेंब माझ्या खांद्यावर पडले. वेदना सर परीक्षक बाईंच्या कानात काहीतरी सांगत होते, आणि बाई त्यांच्याकडे न बघता हातानंच 'थांबा' म्हणत होत्या.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. तो इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला नको. मी पास झाले. परीक्षक बाईंनी सही केली, सरांनी केली नाही, पण बाहेरच्या परीक्षकाची सही वरचढ धरली जाते. सरांनी त्यांच्या रकान्यात शेरा मारला, 'वेदनेचा अभाव'. आयुष्यात मला मिळालेलं हे सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र आहे. आईनं त्याची झेरॉक्स सरळ रेषेत कापली आणि बाबांनी ती फ्रेम करून काउंटरच्या मागे लावली.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी बाबा शिडीच्या दोन पायऱ्या उतरले, मागे रेलून भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "झालं?"

मी वळून पाहिलं. कानापासून ओठांपर्यंत, फाटक्या कडांचं, मध्ये फिकं, खाली गडद, ओघळ आलेलं. भिंतीएवढी मी होते.

"नाही झालं," मी म्हणाले. "हनुवटी."

बाबांना कळेना. मी माझ्या हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवलं. त्यांनी वर पाहिलं. भिंतीवरची हनुवटी कोरी होती.

"तोही गेला?"

"तोही."

बाबांचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला. बोटं रंगानं माखलेली होती, त्यामुळे त्यांच्या अर्ध्या तोंडाला जांभळं लागलं. "हा तर मी दिलेला," ते म्हणाले. पुढच्या रांगेतल्या काही लोकांना हसू आलं, आणि मग बाबांनाही आलं. ते पुन्हा चढले आणि त्यांनी बशीएवढा तीळ लावून दिला. गर्दीतून आई मोठ्यानं म्हणाली, "हां, आता आमची वाटते!"

टाळ्या कधी वाजवायच्या ते या वेळीही कुणाला कळलं नाही, म्हणून लोक एकमेकांकडे बघत राहिले. बोका कॅमेरा घेऊन पुढे आला. बाबांनी तोंड पुसायला रुमाल काढला, मग तसाच खिशात घातला आणि माझ्या स्टुलामागे येऊन उभे राहिले. दोन्ही कान दिसतायत, नजर समोर, अर्धं तोंड जांभळं. बोक्यानं फोटो काढला, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघितला आणि त्याला राहवेना.

"काका," तो म्हणाला, "साफ करू ना?"

"हात तर लावून बघ," बाबा म्हणाले.